बंदर बदललं, आता काय?

या सदरात एरवी येणारी पत्रं ठरलेली असतात. खिडकीची केबिन घ्यावी की बाल्कनीची, बोट लागली तर कुठली गोळी जवळ ठेवावी, आजीला चाकाची खुर्ची मिळेल का. या वेळच्या टपालात चार पत्रं अशी निघाली की चारही पत्रांत देशादेशांची भांडणं घरात शिरलेली आहेत. मी मालवणचा. चोवीस वर्षं प्रवासी जहाजांवर रिसेप्शनच्या काउंटरला काढली. बंदर रद्द झाल्याचं प्रवाशांना सांगायचं काम त्या काउंटरचंच असतं, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. ग्रीसची सात रात्रींची क्रूझ ठरवली आहे. पिरेअसहून निघून सँटोरिनी, मिकोनोस, रोड्स आणि मधे एक दिवस तुर्कस्तानातलं कुशादासी. आगाऊ रक्कम भरली, उरलेली भरायची आहे. माझे दीर सैन्यातून निवृत्त झालेले. ते म्हणतात, ‘वहिनी, तुर्कस्तानात पाऊल ठेवायचं नाही.’ आमचे हे म्हणतात, त्या दिवशी जहाजातून उतरायचंच नाही, झालं. मुलगी म्हणते, एका दिवसानं काय होतंय! मला इतिहासाची आवड, कुशादासीजवळच्या एफिससचे अवशेष बघायची फार इच्छा होती. पण दिरांचं मन मोडवत नाही. काय करावं?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

ताई, आधी मुलीला एक सांगा. ‘एका दिवसानं काय होतंय’ हे वाक्य काकांसमोर पुन्हा बोलू नकोस म्हणावं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे २६ जण मारले गेले त्यांत डोंबिवलीचे, पनवेलचे आणि तुमच्या पुण्याचेही लोक होते. पुढच्याच महिन्यात तुर्कस्ताननं उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली, आणि पाकिस्ताननं तुर्की बनावटीचे ड्रोन वापरल्याचं आपल्या लष्करानं पत्रकार परिषदेत सांगितलं. पुण्यातल्या फळ व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घेणं बंद केलं. सहल कंपन्यांनी तिकडच्या सहली विकणं थांबवलं. ज्यानं उमेदीची सगळी वर्षं वर्दीत काढली, त्याला हे लागणारच.

आता तुमच्या यजमानांचा तोडगा. तो मला पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगतो, कारण ही गोष्ट जहाजावर काम केल्याशिवाय सहसा कळत नाही. जहाज धक्क्याला लागलं की बंदराच्या आकारणीतला मोठा भाग प्रवासी-यादीतल्या डोक्यांवर होतो. तुम्ही खाली उतरलात, की केबिनमध्ये बसून दिवसभर वाचन केलंत, याच्याशी बंदराला देणंघेणं नसतं. तुमच्या तिकिटातच ‘पोर्ट चार्जेस’ म्हणून ते पैसे आधी घेतलेले असतात. म्हणजे न उतरून तुर्की बंदराचा एक पैसाही कमी होत नाही. तोटा होतो तो बसवाल्याचा, गाइडचा, आणि बंदराच्या फाटकाबाहेर सफरचंदाचा चहा पुढे करून गालिचे दाखवणाऱ्या दुकानदाराचा. तुमच्या दिरांचा राग यांच्यावर नाही.

हे मी अंदाजानं बोलत नाही. २०१७ साली दक्षिण कोरियानं अमेरिकेची ‘थाड’ क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा आपल्या जमिनीवर बसवायला घेतली आणि चीन भडकला. १५ मार्चपासून कोरियाच्या सहली विकू नका, असं चिनी पर्यटन कंपन्यांना सांगण्यात आलं. त्याच्या चार दिवस आधी, ११ मार्चला, ‘कोस्टा सेरेना’ नावाचं जहाज सुमारे ३,४०० चिनी प्रवासी घेऊन कोरियाच्या जेजू बेटाला लागलं, आणि कुणीच उतरलं नाही. सगळेच्या सगळे जहाजावर बसून राहिले. धक्क्यावर बसगाड्या आणि गाइड वाट बघत होते, ते रिकामे परत गेले. त्यानंतर चीनमधून सुटणाऱ्या जहाजांनी कोरियाची बंदरं वगळली आणि तिथे जपानची बंदरं घातली. पाचच वर्षांपूर्वी याच्या नेमकं उलटं झालं होतं. २०१२ मध्ये सेनकाकू बेटांवरून चीन-जपानचं बिनसलं तेव्हा जपानची बंदरं गळाली आणि त्यांच्या जागी कोरियाची आली. म्हणजे ज्या दुकानदारानं २०१२ मध्ये जास्त माल भरला, त्याचाच माल २०१७ मध्ये पडून राहिला. चीननं कोरियाच्या सहलींवरची ही बंदी पूर्णपणे उठवली ती थेट ऑगस्ट २०२३ मध्ये.

तेव्हा जायचं नसेल तर जहाजात बसून न उतरण्याऐवजी मार्गच बदला. हे तुमच्या हातात आहे, कारण उरलेले पैसे अजून भरायचे आहेत. क्रूझचं शेवटचं देणं साधारण ९० ते ६० दिवस आधी असतं. तोवर बहुतेक कंपन्यांत सहल बदलून घेताना फारसं नुकसान होत नाही, एकदा ती तारीख उलटली की दर टप्प्याला कापली जाणारी रक्कम वाढत जाते. एजंटकडून ही तारीख आणि कापण्याचे टप्पे लेखी मागा, फोनवर ऐकून समाधान मानू नका. पिरेअसहूनच सुटणाऱ्या आणि तुर्कस्तानला न जाणाऱ्या फेऱ्या आहेत. त्यांत क्रीटचं हेराक्लिऑन येतं. तिथून क्नोसोसचा राजवाडा अगदी जवळ. इतिहासाची आवड असलेल्या माणसाला तिथे दिवस पुरत नाही.

अशा फेरीचा आणखी एक फायदा आहे, तो कागदपत्रांचा. ग्रीसमधून तुर्कस्तानात गेलात की शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांबाहेर पडलात. पुन्हा ग्रीसमध्ये यायचं तर व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. तो सिंगल एंट्रीचा असल्यामुळे जहाजावर चढूच न दिलेली माणसं मी काउंटरवरून बघितली आहेत. एका कुटुंबाच्या बॅगा जहाजावर चढून गेल्या होत्या, त्या शोधून खाली उतरवाव्या लागल्या. मार्गात तुर्कस्तान नसेल तर हा घोर उरत नाही.

एफिससबद्दल तुम्हाला वाईट वाटतंय, ते मला समजतं. सेल्ससच्या ग्रंथालयाची ती दुमजली दर्शनी भिंत मी सहा-सात वेळा पाहिली. दर वेळी थबकलो. पण ती जवळजवळ एकोणीसशे वर्षं जुनी वास्तू आहे, पुढेही तिथेच असणार. दीर तुम्हाला रोज फोन करतात, हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. यंदा क्रीटला जा.

प्रश्न : माझी फसवणूक झाली असं मला वाटतं. आमच्या शाळेतला माझा बाकावरचा मित्र बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातला मराठी ज्यू होता. पन्नास वर्षांपूर्वी त्याचं कुटुंब इस्रायलला गेलं, तो आता अश्दोदला असतो. त्याला भेटायचं म्हणून आम्ही भूमध्य समुद्रातली क्रूझ घेतली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर आम्ही हैफाला उतरणार होतो आणि तो बंदरावर येणार होता. जहाज निघायच्या आधी कंपनीचं पत्र आलं की हैफा आणि अश्दोद दोन्ही रद्द. त्याऐवजी रोड्सला एक दिवस आणि एक दिवस नुसता समुद्रात. भरपाई म्हणून दोन बंदरांची फी तेवढी जहाजावरच्या खात्यात जमा केली. ती इतकी थोडी होती की दोघांच्या एका जेवणाचीही सोय झाली नसती. ग्राहक मंचाकडे जावं का?
– एक वाचक, ठाणे

दादा, ७ ऑक्टोबरला हमासनं इस्रायलवर हल्ला केला, त्यानंतर तिथे जहाज नेणं शक्यच नव्हतं, हे तुम्हीही मान्य कराल. तुमची तक्रार पैशांची आहे, आणि तिथे मला तुम्हाला नावडेल असं सांगावं लागतंय. तुम्ही तिकीट काढलंत तेव्हा एक लांबलचक करार मान्य केलात. जवळजवळ प्रत्येक क्रूझ कंपनीच्या करारात असं कलम असतं की सुरक्षेच्या, हवामानाच्या किंवा अशाच कारणानं कुठलंही बंदर वगळण्याचा, बदलण्याचा अधिकार कंपनीला आहे आणि त्यासाठी भरपाई देणं लागत नाही. बंदराला जे भरायचं होतं आणि भरलं नाही, तेवढं ती परत करते. तुम्हाला मिळालं ते हेच. फसवणूक म्हणून हे टिकणं कठीण आहे. मात्र जहाजाच्या काउंटरवरून घेतलेली किनाऱ्यावरची सहल असेल तर तिचे पूर्ण पैसे परत मिळायला हवेत. ते मिळाले नसतील तर तेवढ्यासाठी जरूर भांडा. प्रवास-विम्याचे कागदही काढून बघा, पण युद्धामुळे झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसींत वगळलेलंच असतं.

त्या पत्राच्या दुसऱ्या बाजूला मी बसायचो, म्हणून तिथे काय चालतं तेही सांगतो. २०१४ च्या वसंतात क्रिमिया रशियानं घेतला आणि काळ्या समुद्रातल्या फेऱ्यांमधून याल्टा, ओडेसा गळाली. आमच्या जहाजावर आम्हाला सातशे पत्रं छापायची होती. प्रिंटर दोन, त्यातला एक कागद अडकवणारा. पत्रं रात्री दहानंतर केबिनच्या दाराखालून सरकवायची, असा शिरस्ता. सगळी माणसं एकदम काउंटरवर येऊ नयेत हा त्यामागचा हेतू. तरी साडेदहाला रांग लिफ्टपर्यंत गेली. लोक विचारत होते, याल्टा नाही तर मग दुसरं तसंच काहीतरी का देत नाही? उत्तर असं की तसं काही शिल्लक नसतं. धक्क्याच्या जागा दीड-दोन वर्षं आधी आरक्षित होतात. ऐन वेळी जहाजाला लागते एका रात्रीच्या अंतरावरची, तेवढ्या खोलीची आणि त्या दिवशी धक्का मोकळा असलेली जागा. ती मिळाली नाही की ‘समुद्रात एक दिवस’. कॅप्टनला तो दिवस आवडतो म्हणून कुणी देत नाही.

आणि हे काही तासांतही घडतं. अमेरिकेहून हवानाला जायला प्रवासी जहाजांना जवळजवळ चाळीस वर्षं वाट नव्हती. २ मे २०१६ ला ‘अडोनिया’ नावाचं लहानसं जहाज मायामीहून हवानात शिरलं तेव्हा किनाऱ्यावर लोक हात हलवत उभे होते. पुढे मोठमोठ्या कंपन्या तिकडे धावल्या. मग ४ जून २०१९ ला ट्रम्प सरकारनं जाहीर केलं की उद्यापासून क्यूबाला जहाजं बंद. त्या दिवशी कितीतरी जहाजं वाटेत होती. क्रूझ कंपन्यांच्या संघटनेनं तेव्हा सांगितलं की सुमारे ८ लाख आरक्षणांवर परिणाम झाला. हवानाऐवजी कुणाला नासाऊ मिळालं, कुणाला की वेस्ट, कुणाला मेक्सिकोचं कोझुमेल. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर सेंट पीटर्सबर्गचं २०२२ मध्ये हेच झालं. बाल्टिकच्या फेरीत लोक ज्या एका शहरासाठी पैसे भरत, तेच फेरीतून नाहीसं झालं.

म्हणून मी माझ्या नातेवाइकांना जे सांगतो तेच तुम्हाला सांगतो. जहाजाचं तिकीट हे जहाजाचं असतं. बंदरांची यादी हा त्या दिवशीच्या जगाचा अंदाज असतो. ज्या गावात तुमचा जीव अडकला आहे तिथे विमानानं जा, क्रूझनं जाऊ नका. क्रूझवर तिथे आठ तास मिळतात, त्यातला दीड तास उतरण्या-चढण्यात जातो, आणि तेही मिळतीलच याची हमी नाही. पन्नास वर्षांच्या मैत्रीला आठ तास तसेही कमीच होते.

तुम्हाला अजून एक मार्ग सुचवतो. मित्राला विचारा, तो सायप्रसला येऊ शकेल का. तेल अवीवहून लार्नाकाला विमान तासाभरात पोचतं, आणि इस्रायली माणसं तिथे सहज जातात. तुम्ही इथून विमानानं लार्नाकाला जा, सायप्रसचा व्हिसा आधी काढा. तुमच्या वयाला (तुम्ही लिहिलंय म्हणून म्हणतो) दोघांनी चार दिवस समुद्रकाठी निवांत मराठीत बोलत बसणं, ही सहल मला कुठल्याही क्रूझपेक्षा चांगली वाटते. इस्रायलमधल्या आपल्या बेने इस्रायली मंडळींनी ‘मायबोली’ नावाचं मराठी मासिक कितीतरी वर्षं चालवलं. त्याचे जुने अंक मित्राच्या घरी असले तर घेऊन ये म्हणावं.

प्रश्न : आम्ही अंटार्क्टिकाची सहल ठरवतोय. अर्जेंटिनातल्या उशुवायाहून जहाज सुटतं आणि आधी फॉकलंड बेटांवर जातं. या बेटांवरून अर्जेंटिना आणि ब्रिटनचं भांडण आहे असं वाचलं. आमचं जहाज अडवतील का? आणि त्या बेटांना तिथे नेमकं काय म्हणायचं?
– एक दांपत्य, नागपूर

अडवलं आहे, पण तुम्हाला अडवतील असं मला वाटत नाही. १९८२ साली या बेटांसाठी ७४ दिवस युद्ध झालं. अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक गेले, बेटावरच्या तीन बायकाही गेल्या. त्या युद्धाला तीस वर्षं होत असताना, २७ फेब्रुवारी २०१२ ला, फॉकलंडहून आलेल्या दोन प्रवासी जहाजांना उशुवायानं धक्का नाकारला आणि ती तशीच चिलीकडे निघून गेली. एक ‘स्टार प्रिन्सेस’ आणि दुसरं ‘अडोनिया’. होय, वरच्या उत्तरातलंच ‘अडोनिया’. एका टोकाला नाकारलेलं जहाज चार वर्षांनी दुसऱ्या टोकाला हवानात पहिलं पाहुणं म्हणून शिरलं, ही गोष्ट मला नेहमी नवलाची वाटते. त्या दिवशी उशुवायातल्या टॅक्सीवाल्यांचा आणि दुकानदारांचा धंदा बुडाला, ते वेगळंच.

आता उशुवाया–स्टॅन्ली (फॉकलंडची राजधानी)–साउथ जॉर्जिया–अंटार्क्टिका अशा फेऱ्या दर हंगामात होतात. उशुवायाच्या बंदरावर एक पाटी मात्र लक्षात राहील. इंग्रजांच्या चाच्या जहाजांना इथे नांगरायला बंदी आहे, अशा अर्थाचं स्पॅनिशमध्ये लिहिलेलं आहे. फोटो काढा, पण तिथल्या लोकांशी त्यावर हसू नका. जवळच युद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे. अर्जेंटिनात ‘माल्विनास’ म्हणा, स्टॅन्लीत उतरल्यावर ‘फॉकलंड’ म्हणा. तिथे मार्च २०१३ मध्ये सार्वमत झालं तेव्हा ब्रिटनबरोबर राहण्याच्या बाजूनं १,५१३ मतं पडली आणि विरोधात ३. यावरून त्यांच्यापुढे कुठलं नाव घ्यायचं ते कळतं.

स्टॅन्लीला बंदर चुकण्याची भीती राजकारणापेक्षा वाऱ्याची जास्त आहे. मोठं जहाज बाहेर नांगरतं आणि छोट्या बोटीतून न्यावं लागतं. वारा उठला की बोटी खाली सोडत नाहीत. तुमचं जहाज लहान असेल तर ही अडचण कमी. भारतीय पासपोर्टवर दोन्हीकडे कोणते कागद लागतील ते जहाज कंपनीकडून लेखी घ्या, आणि आधी घ्या.

प्रश्न : माझा मुलगा बोटीवर कामाला लागला, हे त्याचं पहिलंच कॉन्ट्रॅक्ट. जेवणाच्या हॉलमध्ये वेटर आहे. बोट आता दुबईला आहे आणि पुढे युरोपात जाणार म्हणतो. तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले होतात हे टीव्हीवर दाखवतात. त्याला विचारलं तर ‘आई, काही नाही गो’ एवढंच बोलतो. मला रात्री झोप नाही. त्याला परत बोलावू का?
– एक आई, वेंगुर्ले

ताई, तुम्ही माझ्या शेजारच्या तालुक्यातल्या. माझी आई याच काळजीनं देवाला नारळ ठेवायची, तेव्हा तर फोनही महिन्यातून एकदा व्हायचा. बोलवायची घाई करू नका. आधी काय चाललंय ते सांगतो.

नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथींनी तांबड्या समुद्रातल्या जहाजांवर हल्ले सुरू केले. गाझातल्या युद्धाचं ते लांबलेलं टोक. तेव्हापासून बहुतेक क्रूझ कंपन्या ती वाट टाळतात. हिवाळ्यात दुबई-अबुधाबीला असलेली जहाजं वसंतात सुवेझ कालव्यातून भूमध्य समुद्रात यायची. आता ती आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जातात. त्यात कितीतरी दिवस जास्त लागतात आणि इंधन बेसुमार लागतं, तरी जातात. प्रवाशांना विकलेल्या अशा फेऱ्या २०२४ मध्ये रद्दही झाल्या.

आता जी गोष्ट टीव्हीवर सांगत नाहीत ती. फेरी रद्द झाली म्हणजे प्रवासी घरी राहतात. जहाजाला मात्र युरोपात पोचायचंच असतं, आणि ते रिकामं जात नाही. खलाशी, स्वयंपाकी, वेटर त्यावर असतातच. प्रवाशाचं पत्र दाराखालून येतं, त्याला पर्याय दिला जातो. क्रूच्या फळ्यावर फक्त नवा मार्ग लागतो. म्हणून तुमच्या मुलानं स्वतः विचारायला हवं. त्याला सांगा, क्रू ऑफिसात जाऊन दोन गोष्टी विचार. बोट कुठल्या वाटेनं जाणार, आणि आपल्या कॉन्ट्रॅक्टवर युनियनचा करार आहे का. आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या करारातल्या बोटी असतात त्यांत युद्धाचा धोका म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रात जायला खलाशाला नकार देता येतो, आणि कंपनीनं स्वतःच्या खर्चानं त्याला घरी पाठवावं लागतं. ज्या एजंटनं नोकरी लावली त्याच्याकडे डायरेक्टोरेट जनरल ऑफ शिपिंगचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स आहे ना, तो नंबर तुमच्या वहीत लिहून ठेवा. मुंबईत खलाशांची युनियन आहे, नुसी. मुलगा तिचा सभासद असेल तर तिचाही नंबर लिहा. आणि त्याच्या कागदांवर वारसाच्या जागी नाव तुमचंच आहे ना, तेही विचारा. हे अशुभ नाही ताई, प्रत्येक खलाशाच्या घरी करायचं काम आहे.

मुलगा काही बोलत नाही त्याचा अर्थ तो घाबरलाय असाच नाही. पहिल्या कॉन्ट्रॅक्टला मुलांना वाटतं, जास्त विचारलं तर रिपोर्ट खराब होईल. मी क्रू ऑफिसशेजारीच बसायचो. मार्ग विचारल्याबद्दल कुणाचं नुकसान झालेलं मी बघितलं नाही.

एक आठवण सांगतो, तुमच्या मनाला जरा बरं वाटेल म्हणून. फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्या जहाजावर माझ्या विभागात खारकीवची एक मुलगी आणि मुर्मान्स्कची एक मुलगी अशा दोघी होत्या. केबिन एकच, खाली-वर दोन पलंगांची. रशियानं हल्ला केला त्या सकाळी आमच्या साहेबांनी दोघींना वेगवेगळं बोलावून विचारलं, केबिन बदलून हवी का? दोघींनी नको म्हटलं. तेव्हा क्रूला इंटरनेटचं कार्ड विकत घ्यावं लागायचं, मिनिटांवर चालायचं. खारकीवच्या मुलीचं कार्ड घरी फोन लावता लावता संपलं. दुसरीनं आपलं कार्ड काढलं, नाणं घेऊन माझ्या काउंटरवरच त्याचा पिन खरवडला आणि तिच्या हातात दिलं. तिचे आईवडील तळघरात होते, फोन लागला. त्या आठवड्यात दोघी जेवायला एकाच टेबलावर बसत होत्या. फार बोलत नसत.

तुमच्या मुलाच्या बोटीवरही चाळीस-पन्नास देशांची मुलं असतील, त्यांत आपल्या सिंधुदुर्गाची आणि गोव्याची बरीच. त्यातल्या एखाद्या जुन्या माणसाचं नाव आणि नंबर त्याच्याकडून मागून घ्या. मुलगा वाटेत असला, त्याचा फोन लागत नसला, तर त्या माणसाच्या घरी विचारता येतं. आमच्या आयांनी हेच केलं होतं. बोट दुबईहून निघाली आणि मार्ग अजून कळला नसेल, तर मासिकाच्या पत्त्यावर बोटीचं नाव कळवा, मी शोधून सांगेन.